'लागेल कधीतरी' आणि देवावरचा हवाला

गॅलरीतली_तुळस (१४ एप्रिल, रात्री १:१०)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांपलीकडे फिरकत नाही. पण आज घरातले सगळे झोपलेत आणि मी माळ्याखाली स्टुलावर बसून फोनवर हे टंकतेय.

गिरगावातली आमची चाळ खाली करायची आहे. तीन मजली, लाकडी जिना, १९४० च्या आधीची, म्हणजे उपकरप्राप्त 'अ' वर्गातली. पुनर्विकास होणार, पुनर्विकास होणार हे मी लग्न होऊन आले त्या वर्षापासून ऐकतेय, त्यामुळे या खेपेलाही कुणी फारसं मनावर घेतलं नव्हतं. आता मात्र करार झाले, भाड्याचे चेक आले आणि '३१ मेपर्यंत खोल्या रिकाम्या कराव्यात' असा कागद जिन्यात डकवलाय. चारकोपला वन आरके मिळालंय. दोन खोल्या, पोटमाळा आणि गॅलरीतला आमच्या वाट्याचा तुकडा, एवढा संसार त्यात कोंबायचा. माणसं चार. मी, नवरा, सीईटीच्या अभ्यासाला बसलेली लेक आणि एक्याऐंशीच्या सासूबाई.

आता मूळ मुद्दा. मी देवाधर्माची बाई आहे. रोजची पूजा, गुरुवार, चतुर्थी, सगळं. 'त्याला काळजी' हे वाक्य माझ्या तोंडी दिवसातून दहा वेळा असतं. आणि गेले आठ दिवस मी माळ्यावरून एकेक वस्तू खाली काढते, पुसते आणि परत वर ठेवते. लोणच्याच्या नऊ बरण्या, त्यातल्या सातांना झाकण नाही. दोन पाटे, वरवंटा एक. तीन हंडे. चकलीचा सोऱ्या, ज्याची दांडी २००५ च्या पावसात हरवली. प्रत्येक वेळी मनात एकच: लागेल कधीतरी.

परवा सासूबाईंनी त्यांच्या लग्नातलं पितळी घंगाळ स्वतः ओढत आणून मोडीच्या ढिगात टाकलं. मी म्हटलं, आई, अहो राहू दे, लागेल. तर म्हणाल्या, "लागेल तेव्हा तो देईल. आत्ता टेम्पोत जागा कुठाय?"

तेव्हापासून हे वाक्य डोक्यात बसलंय. साठवून ठेवणं म्हणजे विश्वास कमी असणं का? की हा नुसता व्यवहार आहे आणि देवाला त्यात ओढू नये? तुम्ही घर आवरताना, लहान घरात जाताना काय केलंत? आणि देव्हारा अडीच फुटी, भिंतीवर अकरा तसबिरी, त्यांचं काय करायचं?

(घंगाळ मी रात्री हळूच परत आत घेतलंय. सासूबाईंना माहीत नाही.)

सुतळीबाँब

पहिला प्रतिसाद माझा. झाकण नसलेल्या सात बरण्या ठेवणं याला विश्वास म्हणत नाहीत, झाकणं येतील अशी आशा म्हणतात. हलके घ्या.

नास्तिक_नाना

ताई, देव राहू द्या बाजूला. कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार प्रत्येक भाडेकरूच्या नावाने स्वतंत्र झालाय का, आणि तो नोंदवलाय का? नुसत्या स्टँपपेपरवर सही करून खोली सोडू नका. चटईक्षेत्र आकड्यात लिहिलेलं हवं. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(७) खाली निवासी भाडेकरूला किमान ३०० चौरस फूट मिळतं, तुमची आत्ताची जागा जास्त असेल तर तेवढी. भाडं किती, दर वर्षी वाढ किती, उशीर झाला तर पुढे काय, हे सगळं लेखी. हे झालं की मग हवं तेवढं देवावर सोपवा.

माळ्यावरची_पेटी

नानांना अनुमोदन. आणि खोली सोडण्याआधी वीजबिल, भाडेपावत्या, रेशनकार्ड, उपकराच्या पावत्या असं सगळं एका फायलीत घालून ती फाईल टेम्पोत नाही, स्वतःच्या मांडीवर ठेवायची. आमची एक पिशवी टेम्पोत गेली ती तीन महिन्यांनी गादीच्या खोळीत सापडली. तोपर्यंत आईने सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते. एकूण पाच नवस. सापडल्यावर कुणाचा फेडायचा यावरून वाद झाला, शेवटी पाचही फेडले.

सुतळीबाँब

देवांनी आपसात ठरवून घेतलेलं दिसतंय.

माळकरी

तुळसताई, तुमच्या सासूबाईंना माझा दंडवत सांगा.

मी वारी करतो, आळंदी ते पंढरपूर. दिंडीत मोठं सामान ट्रकमध्ये असतं, पण खांद्यावरची पिशवी आपली आपण वाहायची. पहिल्या वर्षी मी काय काय घेतलं होतं! जादा चपला, टॉर्च दोन, औषधांचा डबा, मेतकूट, चिवडा, तीन टॉवेल, छत्री असूनही रेनकोट. घरी वजन केलं नव्हतं, पण दिवे घाट चढताना त्याचं वजन नेमकं कळलं. घाटाच्या मध्यावर एक म्हातारी माझ्या शेजारून पुढे गेली. डोक्यावर तुळस, काखेत एक बोचकं, बस्स. सासवडला पोचलो आणि निम्मं सामान वाटून टाकलं. चिवडा पहिल्यांदा गेला.

पुढच्या वर्षापासून एक प्लास्टिकचा कागद, दोन कपडे, ताटली आणि पेला. बाकीचं वाटेत मिळतं, दर वर्षी मिळालंय. कोण देतं ते नावानिशी सांगता येत नाही. कधी सांगलीकडची बाई भाकरी देते, कधी डॉक्टरांचा तंबू लागतो. आता याला तो देतो म्हणायचं की लोक देतात, हा वाद नानांशी मी घालणार नाही. चालताना तो फरक पायाला जाणवत नाही एवढंच.

एक मात्र आहे. वारी संपली की मी एसटीने घरी येतो, आणि घरी माझा माळा भरलेलाच आहे. तेव्हा फार उपदेश करत नाही.

नास्तिक_नाना

माळकरीबुवा, शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला माफ.

प्रियोळचा_नातू

थोडं अवांतर. घर हलवताना देवाची फार काळजी करू नका, देवांना बिऱ्हाड हलवायची सवय आहे. आमचा मंगेश मुळात कुशस्थळीचा, म्हणजे आत्ताचं कुठ्ठाळी. पोर्तुगीज देवळं पाडायला लागले तेव्हा १५६० साली भक्तांनी लिंग उचललं, जुवारी नदी ओलांडली आणि प्रियोळला आणून ठेवलं. शांतादुर्गा तशीच केळशीहून कवळ्याला आली. नेताना कुणी बाकी काही घेतलं असेल असं वाटत नाही. आजी म्हणायची, देवाला घेतलं की झालं, पाट मागून येतो.

फणसवाडी_ते_फलाट

तुम्ही गोव्याला कशाला गेलात? आपली मुंबादेवीच बघा. मूळ देऊळ बोरीबंदरच्या बाजूला, म्हणजे आज सीएसएमटी उभं आहे त्या परिसरात होतं. अठराव्या शतकात ते तिथून हललं आणि देवी भुलेश्वराकडे आली. जिच्या नावाने शहर आहे तिलासुद्धा पर्यायी जागा घ्यावी लागली. नोंदणीकृत करार झाला होता का ते नानांना विचारा.

माळकरी

आणि विठोबाला कृष्णदेवरायाने हंपीला नेलं होतं, तिथून भानुदासांनी परत आणलं, अशी आख्यायिका आहे. म्हणजे तोही संक्रमण शिबिरात राहून आलाय.

सुतळीबाँब

आणि मूळ जागी परत आला! किती वर्षांत परत आला ते विचारून घ्या, त्यावरून ताईंच्या बिल्डरचा अंदाज येईल.

तात्पुरता_पत्ता

सगळे हसताय, हसा. मला या धाग्यावर लिहायचं नव्हतं.

आमची इमारत परळला होती. खाली केली तेव्हा मी कॉलेजात होतो. करार, सह्या, नारळ, सगळं झालं. छत्तीस महिन्यांत ताबा म्हणाले होते. दोन वर्षं भाडं आलं, मग थांबलं. आता अकरावं वर्ष चालू आहे, जागेवर खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी. या अकरा वर्षांत सहा भाड्याची घरं झाली. अकरा महिन्यांचा करार, मग मालकाचा मुलगा येणार असतो नाहीतर भाडं वाढलेलं असतं. प्रत्येक वेळी थोडं थोडं सामान कमी झालं. आधी बाबांची पुस्तकं, मग दिवाण, मग शिवणयंत्र. माझी आईसुद्धा म्हणायची, देव बघून घेईल. बाबा तिसऱ्या घरात गेले, कळव्याला. शेवटपर्यंत खिशात जुन्या खोलीची किल्ली होती. ज्या दाराची ती किल्ली ते दारच उरलं नव्हतं.

तेव्हा आवराआवर म्हणजे छान मन मोकळं करणारी गोष्ट वगैरे मला कुणी सांगू नये. स्वतःहून टाकणं वेगळं आणि टाकावं लागणं वेगळं. आणि देवावर विश्वास ठेवा असं बिल्डरच्या सभेत व्यासपीठावरूनच सांगत होते, हेही लक्षात ठेवा.

तुळसताई, तुमचं चांगलं व्हावं असंच वाटतं. घाबरवायला लिहिलं नाही.

माळ्यावरची_पेटी

काय बोलावं कळत नाही.

गॅलरीतली_तुळस

तात्पुरता_पत्ता, तुमचा प्रतिसाद मी काल तीनदा वाचला आणि नवऱ्यालाही वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, उठून कराराची फाईल काढून बसला. नानांनी विचारलेलं सगळं तपासलं. करार नोंदवलेला आहे, क्षेत्र आकड्यात आहे. उशिराच्या कलमात एक ओळ मोघम वाटली, ती घेऊन रविवारी चाळ समितीच्या वकिलांकडे जातोय.

तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. त्या आता कुठे असतात?

तात्पुरता_पत्ता

माझ्याकडेच, कल्याणला. देवपूजा करतात अजून. मला जमत नाही, त्यांना जमतं. कसं ते मी विचारत नाही.

वसईवाला

मी ख्रिस्ती आहे, तेव्हा बाहेरचा माणूस म्हणून दोन शब्द चालतील का? आमचं जुनं कौलारू घर भावांत वाटून गेलं आणि आम्ही नालासोपाऱ्याला वन बीएचकेत आलो. तुळसताईंचा 'साठवणं म्हणजे अविश्वास का' हा प्रश्न वाचून मला रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गातला मान्ना आठवला.

जुन्या करारात, निर्गमच्या पुस्तकात, इस्राएली लोक मिसरमधून घाईने निघतात. इतकी घाई की कणीक फुगायलाही वेळ नाही, परातीसकट कापडात बांधून खांद्यावर टाकतात. पुढे वाळवंटात रोज सकाळी मान्ना पडतो. ज्याने त्याने त्या दिवसापुरता गोळा करायचा. काहींनी उद्याला लागेल म्हणून ठेवला, तर सकाळी त्यात किडे पडले आणि घाण सुटली. आमची आई ही गोष्ट सांगायची आणि वर स्वतः सुक्या बोंबलांचे चार डबे भरून ठेवायची. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत, देवाला कशाला त्रास, म्हणायची. आणि गंमत म्हणजे त्याच गोष्टीत शुक्रवारचा गोळा केलेला दुप्पट मान्ना शनिवारी खराब होत नाही, कारण ती विश्रांतीची सोय त्यानेच सांगितलेली. म्हणजे साठवण सगळी वाईट नाही. कशासाठी साठवलंय ते महत्त्वाचं असावं.

आल्तार, म्हणजे आमचा देव्हारा, मात्र आम्ही लहान केला नाही. सोफा नाही घेतला त्याऐवजी.

नास्तिक_नाना

हा धागा वाचून मी देवाकडे वळणार नाही, पण सुक्या बोंबलांकडे नक्की वळेन.

संध्यावंदन

तसबिरींविषयी लिहितो. मी पौरोहित्य करतो, दादर ते बोरिवली पट्ट्यात घर बदलणारे यजमान बरेच असतात, आणि हा प्रश्न प्रत्येक घरी येतो.

घरातल्या भिंतीवरच्या तसबिरींची प्राणप्रतिष्ठा केलेली नसते. बहुतेक भेट आलेल्या, नाहीतर कॅलेंडर कापून चौकटीत बसवलेल्या. त्या काढल्या तर कोप होईल ही भीती सोडा. नमस्कार करा, हळदकुंकू वाहा. मग काच, चौकट आणि खिळे वेगळे करा, ते भंगारात जातील. कागद बादलीत भिजवा, लगदा झाला की कुंडीत घाला. पिंपळाखाली नेऊन ठेवू नका, हात जोडून सांगतो. तिथे ते पायदळी जातं, काच फुटते आणि कुत्री अंगावर झोपतात. त्यापेक्षा मोठा अपमान नाही.

कुलदैवताचे टाक, अन्नपूर्णा, बाळकृष्ण, शाळिग्राम असेल तर तो, हे ठेवायचं. पंचायतन म्हटलं तरी देव पाचच असतात, तुमच्या अडीच फुटी देव्हाऱ्यात दोन डझन असतील असा माझा अंदाज. धातूच्या जास्तीच्या मूर्ती नात्यात, नव्याने संसार मांडणाऱ्यांना द्या. खंडित असतील त्यांचं विसर्जन.

आणि नव्या जागेत पहिल्यांदा देव, दिवा, पाण्याचा कलश, मीठ आणि तांदूळ न्या. हे शास्त्रापेक्षा सोयीचं जास्त आहे. पहिल्या रात्री खोके उघडत नाहीत, तेव्हा निदान दिवा आणि काड्यापेटी कुठे आहे ते माहीत असतं.

गॅलरीतली_तुळस

गुरुजी, चोवीस नाहीत हो. सत्तावीस. आत्ताच मोजले.

वरळीकर_जुना

आमची उलटी तऱ्हा. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांत अख्खी हयात गेली, सात माणसं आणि कपाटाच्या डोक्यावर देव. आता ५०० चौरस फुटांचं घर. आईला देव कुठे ठेवावेत तेच कळेना. पंधरा दिवस रोज जागा बदलत होती. शेवटी म्हणाली, कपाटावरच बरे होते, येताजाता दिसायचे. आता कपाटावरच आहेत.

बोहारणीची_सून

जरा कामाचं लिहिते. नाव खरं आहे, सासूबाई हाच धंदा करायच्या.

कपडे बोहारणीला देणार असाल तर सगळे एकदम बाहेर काढू नका, दोन खेपांत द्या, भाव बरा होतो. आणि बदल्यात भांडं घेऊ नका!! लोक चार साड्या देऊन पातेलं घेतात आणि पातेलं पुन्हा माळ्यावर. पितळ मोडीत देताना लोखंडाच्या कड्या आधीच काढून ठेवा, नाहीतर वजनात वाद. काटा आपल्या डोळ्यासमोर शून्यावर आणायला लावा. गोधड्या धुऊन दिल्या तरच लोक घेतात. पुस्तकं ग्रंथालयाला द्यायची तर आधी फोन करून विचारा. दादरचं मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ चं आहे, त्यांच्याकडे तुमचे १९८० चे दिवाळी अंक नाहीत अशा थाटात गोण्या घेऊन जाऊ नका.

घंगाळ ठेवा. मोडीत गेलं की ते वितळतं. मी ढिगात पाहिलीत अशी, आतून कल्हई, बाहेर नाव घातलेलं. कुणाच्या तरी आजीचं.

गॅलरीतली_तुळस (३ मे)

बरेच दिवस आले नाही, खोके भरत होते. थोडा हालहवाल.

वकिलांनी ते कलम नीट लिहून घेतलं, पुरवणी करार होतोय. नाना, तुमच्या नावाने चाळीत चहा झाला.

तसबिरी अकराच्या तीन झाल्या. गुरुजींनी सांगितलं तसं केलं. बादलीत हात घालताना मला रडू आलं, पण लेक शेजारी बसून कागद चुरडत होती आणि म्हणाली, "आई, देव पातळ झाला." सासूबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आता खरा घोटाळा ऐका. ज्या बाईने घंगाळ, हंडे, पैठणी, सगळं सहज उचलून दिलं, त्या बाईच्या पलंगाखाली एक पोतं निघालं. त्यात श्रीखंडाचे रिकामे प्लास्टिकचे डबे. चौतीस. झाकणांसकट. मी म्हटलं, आई, हे टाकू? तर पोत्यावर हात ठेवून म्हणाल्या, "छे, हे लागतात." मी म्हटलं, लागतील तेव्हा तो देईल ना? तर म्हणाल्या, "तो श्रीखंडाचे डबे कुठून देणार?"

सुतळीबाँब

धाग्याचं सार्थक झालं.

नास्तिक_नाना

सासूबाई आमच्या पक्षात आल्याबद्दल स्वागत.

कुडाळी_झील

बा देवा म्हाराजा, ह्यो छोटो हत्ती टेम्पो चारकोपाक सुखरूप पोचव रे म्हाराजा! सासूबायच्या चौतीस डब्यांतलो एक डबो हरवलो तर तो सोधून दी रे म्हाराजा! बिल्डराक बुद्धी दी रे म्हाराजा! परळवाल्या आमच्या भावाच्या खड्ड्यातला पाणी उपसून थंय घर उभा कर रे म्हाराजा!

माळकरी

होय म्हाराजा!

वसईवाला

होय म्हाराजा!

तात्पुरता_पत्ता

होय म्हाराजा. (आईला वाचून दाखवलं. तिनेही म्हटलं.)

गॅलरीतली_तुळस (१७ मे)

एक वस्तू राहिलीय आणि तिचं काय करावं सुचत नाही. सासरे गिरगावातल्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवायचे. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने प्रत्येकाला थोडे थोडे खिळे दिले, पगाराऐवजी म्हणा नाहीतर आठवण म्हणून. लाकडी खणांची एक केस आहे, सपाट, आमच्या जेवणाच्या ताटांपेक्षा मोठी, आणि तिच्यात शिशाचे खिळे. उचलायला दोन माणसं लागतात. 'क' चे खण जवळजवळ रिकामे, 'ळ' भरपूर. एका खणात नुसत्या वेलांट्या. भंगारवाला शिशाच्या वजनावर घ्यायला तयार आहे. नवरा केसजवळून जातो आणि काही बोलत नाही.

माळ्यावरची_पेटी

भंगारात नको! कलामहाविद्यालयांत अक्षररचना शिकवतात, अजून कुठे कुठे हाताने छपाई करणारी मुलं आहेत. विचारून बघा.

फणसवाडी_ते_फलाट

माझे काका बाइंडर होते. जुने कंपॉझिटर घरी आले की खिळा न बघता बोटाने चाचपून अक्षर ओळखायचे. खिळ्याच्या अंगाला एक खाच असते, ती अंगठ्याला लागली की तो सुलटा आहे ते कळतं. द्या कुणालातरी, पण ज्याला खाच कळेल त्याला.

नास्तिक_नाना

शिसं आहे, लहान मुलांच्या हाती देऊ नका, हाताळल्यावर हात धुवा. एवढं बोलून मी गप्प बसतो.

गॅलरीतली_तुळस (२ जून, रात्री)

आलो. ३० तारखेला सकाळी आठला टेम्पो आला. गोदरेजचं कपाट जिन्यातून उतरेना. सासूबाईंना आठवलं, ते आत आलंच होतं गॅलरीतून, दोरखंडाने. मग तसंच खाली सोडलं. अख्खी वाडी खालून सूचना देत होती. दोन बरण्या फुटल्या, झाकणवाल्या. झाकण नसलेल्या सातही मी आधीच शेजारच्या माळीकाकांना झाडं लावायला दिल्या होत्या, त्या शाबूत आहेत म्हणे.

धागा ज्या प्रश्नावर काढला होता त्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. घंगाळ बरोबर आणलं. ते आत ठेवायला जागा नाही म्हणून गॅलरीत, खरं तर खिडकीच्या जाळीत ठेवलंय आणि त्यात तुळस लावलीय. सासूबाईंनी बघितलं. "मी हे मोडीत टाकलं होतं ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं. पुढे काही बोलल्या नाहीत, तुळशीला पाणी घातलं.

पहिल्या रात्री पाऊस आला, पंखा चालेना, लेक सामानावरच झोपली. मला वाटलं, तात्पुरता_पत्तांच्या बाबांसारखं आपलंही. तेव्हा मी काही 'त्याला काळजी' वगैरे म्हणू शकले नाही, खोटं कशाला सांगू. सासूबाई जाग्या होत्या. मी विचारलं, आई, तुम्हाला भीती नाही वाटत? म्हणाल्या, "वाटते की. म्हणून तर दिवा लावला." आणि कूस बदलून घोरायला लागल्या.

खिळ्यांची केस दोन विद्यार्थी येऊन घेऊन गेले. पेटीताई, तुमच्यामुळे जमलं. त्यातल्या मुलीने पहिला खिळा उचलला आणि अंगठ्याने खाच चाचपली. मग नवऱ्याने बिनतक्रार केस दिली, जिन्यात एक टोकही धरलं. देण्याआधी सासूबाईंनी फक्त एक खिळा काढून घेतला. लग्नपत्रिकांच्या माथ्यावर घालायचे तो मोठा 'श्री'. आता तो देव्हाऱ्यात आहे, तीन तसबिरींसमोर उभा. खिळ्यावर अक्षर उलटं असतं, त्यामुळे देवाला नमस्कार करताना श्री उलटा दिसतो. लेकीला ते बघवेना. काल तिने खिळा ओल्या कुंकवात बुडवला आणि दाराच्या चौकटीवर दाबला. नीट सुलटा उमटलाय, वेलांटी तेवढी जरा पुसट आहे. मग तिने नानांची आठवण काढून हात धुतले.

घरमालकाने अजून पाहिलेलं नाही.

सुतळीबाँब

डिपॉझिट गेलं.